मुलांचे साने गुरुजी

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे एक प्राचीन गाव आहे. संत गोरोबाकाकांची समाधी याच गावी आहे. गोरोबाकाका जातीने कुंभार होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. एकदा संतमंडळी एकत्र जमली असता गोरोबाकाकांनी मडकी घडविण्याचे आपले थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर ते हळूच मारून पाहिले. कोणते मडके भाजले आहे व कोणते कच्चे आहे याची परीक्षा करावयाची होती. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. म्हणून तेच कच्चे ठरले. पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले व ते पूर्णत्वाला पोहोचले.

आजही बाजारात माठ विकत घेताना आपण तो बोटांनी वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तरच तो घरी आणतो. परंतु बालमित्रांनो, पुस्तक हाती घेताना आपण अशी परीक्षा करतो काय? माठ कच्चा निघाला तर फार तर पाणी गळून जाईल. पुस्तक कच्चे निघाले तर मनात काय झिरपेल याचा नेम नसतो. मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला आणि मनासारखी पुस्तके पुरेशी मिळेनात तेव्हा ज्यांनी ती स्वतः लिहून काढली, त्या थोर शिक्षकाची ही कथा आहे. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. अवघा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या खेड्यात झाला. साने घराणे एके काळी खोताचे, मानाचे व सुखवस्तू होते. परंतु गुरुजींच्या बालपणी घरची स्थिती खालावली. कर्ज वाढले, अन्नवस्त्राचीही ददात पडू लागली. अशा दिवसांत त्यांची आई यशोदाबाई यांनी मुलांना एक धन मात्र भरभरून दिले. ते धन म्हणजे मनाची कोवळीक. झाडावरची कळी उमलण्याआधी तोडू नये, दारी आलेल्याला हिडीसफिडीस करू नये, आपले चुकले तर ते लपवू नये, अशा साध्या गोष्टी त्या माउलीने मुलाला शिकविल्या. तिने त्या व्याख्यान देऊन शिकविल्या नाहीत. रोजच्या वागण्यातून, कधी रागावून तर कधी डोळ्यांत पाणी आणून तिने त्या त्याच्या मनावर बिंबविल्या.

शिक्षणासाठी पांडुरंगाला लहान वयातच घर सोडावे लागले. दापोली, औंध, पुणे असा त्याचा प्रवास झाला. कुठे नातेवाइकांकडे राहावे, कुठे हाताने रांधून खावे, कुठे अर्धपोटी निजावे, असे ते दिवस होते. १९१७ साली आई निवर्तली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. हे दुःख त्याच्या अंतःकरणात कायमचे घर करून राहिले. पुढे पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण पुरे करून व तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम्. ए. झाले आणि १९२४ साली खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले.

शाळेच्या छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. छात्रालय म्हणजे घर सोडून आलेल्या मुलांचे घर. त्या मुलांच्या अंथरुणांचे ढीग पडलेले असत, कपडे अस्ताव्यस्त असत. गुरुजींनी त्यांना शिक्षा केली नाही. मुले शाळेत गेली म्हणजे ते स्वतः खोल्या झाडीत व कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. कोणी आजारी पडला तर त्याच्या उशाशी रात्र रात्र बसून राहत. हे पाहून मुले खजील झाली आणि आपली कामे आपणच करू लागली. दया शिकविण्याचा हा मार्ग त्यांना आईकडून मिळाला होता.

परंतु गुरुजींना एवढ्याने समाधान वाटेना. या मुलांची मने कोणत्या अन्नावर पोसली जात आहेत, असा विचार त्यांच्या मनात येई. पाठ्यपुस्तके होती, पण त्यांत परीक्षेपुरते ज्ञान होते. मुलांना जग कळावे, थोर माणसांची ओळख व्हावी, दूरच्या माणसाच्या सुखदुःखाशी त्यांचे नाते जडावे, असे वाचन त्यांच्या हाती फार थोडे होते. म्हणून गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहिण्यास प्रारंभ केला. दिवसभर शिकवून झाल्यावर, मुले निजल्यावर, ते दिव्याच्या उजेडात लिहीत बसत. सकाळी मुले उठत, तेव्हा ताजे पान वाचावयास तयार असे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. त्यात देशोदेशींच्या थोर पुरुषांची चरित्रे, कथा व विचार असत. मुलांसाठी काय निवडावे व काय वगळावे, याचा त्यांचा अभ्यास येथून सुरू झाला.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. त्यानंतर तुरुंग हेच त्यांचे वारंवार घर झाले. त्यांना प्रथम धुळे येथे व नंतर दूर दक्षिणेत तिरुचिरापल्ली येथे ठेवण्यात आले. तेथे तामिळ, तेलुगू, मलयाळी, कन्नड बोलणारे राजबंदी होते. सारेच एका देशासाठी तुरुंगात आलेले. पण एकाला दुसऱ्याची भाषा कळत नसे. आपण एकाच घरातील भावंडे असून एकमेकांशी बोलू शकत नाही, याचे गुरुजींना फार वाईट वाटले. त्यांनी तामिळ भाषेतील कुरळ या प्राचीन ग्रंथाचा परिचय करून घेतला आणि तो मराठीत आणला. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे प्रसिद्ध पुस्तक आज आपल्याला वाचावयास मिळते, ते त्यांच्या या परिश्रमामुळे.

नंतर नाशिकच्या तुरुंगात त्यांच्या हातून ते पुस्तक लिहिले गेले, ज्याने त्यांचे नाव अजरामर केले. ते म्हणजे ‘श्यामची आई’. फेब्रुवारी १९३३ मधील अवघ्या पाच दिवसांत त्याचा बहुतेक भाग लिहून झाला. आईच्या आठवणी मनात इतक्या दाटल्या होत्या की, लेखणीला थांबावे लागले नाही. १९३५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना रोज एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. अशा चाळीसांहून अधिक रात्रींच्या या कथा आहेत.

या पुस्तकातील श्याम हा गुणांचा पुतळा नाही. तो हट्टी आहे, भित्राही आहे. पोहावयास जाण्याच्या भीतीने तो लपून बसतो. पुस्तके घेण्याच्या मोहाने एकदा तो पैसेही चोरतो. लेखकाने हे काहीच झाकून ठेवलेले नाही. म्हणूनच वाचणाऱ्या मुलाला श्याम आपला वाटतो. आपल्यासारखाच चुकणारा मुलगा चांगला होऊ शकतो, हा विश्वास त्याला येतो. नुसत्या उपदेशाच्या पुस्तकाने तो येत नाही.

त्यातील एक प्रसंग असा आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतील एक वृद्धा लाकडांची मोळी घेऊन चालली होती. मोळी खाली पडली आणि ती पुन्हा डोक्यावर घेणे तिला जमेना. शिवाशिवीच्या भयाने कोणी तिला हात लावीना. श्यामच्या आईने श्यामला मोळी उचलून देण्यास सांगितले. लोक काय म्हणतील या शंकेने तो बिचकला. घरी येऊन हवे तर स्नान कर. पण आधी त्या म्हातारीला हात दे, असे आईने त्याला समजाविले. त्या खेड्यातील बाईने मोठ्या सुधारणेचे नाव काढले नव्हते. रूढीची भिंत तिला एकदम पाडताही आली नाही. परंतु थकलेल्या जिवाचे दुःख तिला भिंतीच्या पलीकडेही दिसले. श्यामच्या मनात त्या दिवशी जे बीज पडले, त्याचा वृक्ष पुढे पंढरपुरी उभा राहिला.

गुरुजींच्या लेखनावर काही टीकाकार आक्षेप घेत. या पुस्तकांत फार अश्रू आहेत, त्यामुळे मुले हळवी व दुबळी होतील, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपाला गुरुजींनी शब्दांपेक्षा कृतीनेच मोठे उत्तर दिले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हे अवघ्या महाराष्ट्राचे माहेर. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, मंगळवेढ्याचे चोखामेळा असे नाना जातींचे संत विठ्ठलाच्या प्रेमाने एकत्र आले होते. तरीही चोखोबांना मंदिरात प्रवेश मिळाला नाही. त्यांची समाधी मंदिराच्या पायरीशी, बाहेरच आहे. पुढे शतके लोटली. तरी हरिजनांना ते दार बंदच राहिले. स्वातंत्र्य दाराशी येऊन ठेपले असता देवाचे दार बंद असावे, हे गुरुजींना साहवेना. त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ पासून पंढरपूर येथे उपोषण आरंभिले. कित्येक मोठ्या माणसांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. विरोधकांनी कठोर शब्द वापरले. गुरुजींनी कोणाचाही द्वेष केला नाही व माघारही घेतली नाही. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा त्यांनी उपोषण सोडले. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाने रडू येते, तो दुबळा असतो असे नाही, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

गुरुजींनी मुलांसाठी आणखीही पुष्कळ लिहिले. ‘गोड गोष्टी’ या नावाने त्यांनी कथांची माला गुंफली. त्यांतील काही कथा त्यांनी परदेशी ग्रंथकारांपासून घेतल्या. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची एक कादंबरी ‘मनूबाबा’ या नावाने त्यांनी मराठीत आणली. एक एकाकी विणकर माणसांवरचा विश्वास गमावून बसतो आणि सोन्याची नाणी मोजण्यातच सुख मानू लागतो. एके दिवशी त्याचे सोने चोरीस जाते. पुढे एक अनाथ बालिका त्याच्या झोपडीत येते आणि तिच्या संगोपनात त्याचे आटलेले हृदय पुन्हा पाझरू लागते. अशी ती कथा आहे. दूर देशातील माणसाची ही कथा वाचताना मराठी मुलाला तो विणकर आपल्याच गावचा वाटतो. माणसाचे मन सर्वत्र सारखेच आहे, हे सत्य अशा कथेतून मुले नकळत शिकतात.

परधर्माविषयी तुटपुंज्या ऐकीव माहितीवर मत बनवू नये, असे गुरुजींना वाटे. म्हणून त्यांनी पैगंबरांच्या जीवनाचा अभ्यास केला आणि ‘इस्लामी संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. याचे मोल धाराशिव जिल्ह्यातील मुलांना विशेष कळेल. या जिल्ह्यात तुळजापूरची भवानी आहे, तेरला गोरोबांची समाधी आहे आणि धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गाही आहे. पिढ्यान् पिढ्या येथील माणसे एकमेकांच्या सणांत सहभागी होत आली. परंतु हा जिल्हा निजामाच्या राज्यात असताना रझाकारांनी प्रजेचा छळ मांडला. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. पण त्यानंतर उसळलेल्या सूडाच्या लाटेतही अनेक निरपराध माणसे बळी पडली. एका बाजूच्या अत्याचाराचे उट्टे दुसऱ्या बाजूच्या गरिबांवर निघाले. शेजारी शेजाऱ्याला माणूस म्हणून ओळखेनासा झाला की काय होते, हे या भूमीने अनुभवले आहे. म्हणून शेजाऱ्याची ओळख करून देणारे पुस्तक ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हे. ते गावाचे रक्षण करणारे साधन आहे.

निजामी राज्यात वरच्या इयत्तांचे शिक्षण बहुधा उर्दूतून दिले जाई. मराठी मुलांना मातृभाषेतील पुस्तक दुर्मिळ असे. अशा काळात हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी ज्ञानाचा दिवा तेवत ठेवला. पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. एकेका पुस्तकासाठी मुलांना किती तळमळावे लागे, याची कल्पना आज येणे कठीण आहे. आज पुस्तके पुष्कळ आहेत. म्हणून ती मिळविण्याचे कष्ट संपले. पण निवडण्याची जबाबदारी वाढली.

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. गुरुजींच्या हृदयावर मोठा आघात झाला. समाजाच्या या पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपोषण केले. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांचे साहित्य वाचावे आणि त्यातून प्रेमभाव वाढावा, अशी ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात जे दुःख झाले होते, त्याचेच हे फळ होते. आपली पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत. सृष्टीतील फुलापाखरांपासून देशाच्या प्रश्नांपर्यंत सारे काही त्यांत एका मुलीला जिव्हाळ्याने सांगितले आहे.

११ जून १९५० रोजी गुरुजींचा देहान्त झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. त्यांनी घरदार केले नाही, धन साठविले नाही. मागे राहिली ती त्यांची पुस्तके. आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर काढलेला चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला आणि उत्कृष्ट भारतीय चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पडद्यावरील माय-लेक पाहून असंख्य प्रेक्षकांचे डोळे पाणावले.

गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट आता पुन्हा आठवू या. गुरुजींच्या जीवनाकडे पाहिले म्हणजे पुस्तकाची परीक्षा कशी करावी, हे आपल्यालाही उमगते. पुस्तक वाचून झाल्यावर आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावे. या पुस्तकातील माणसे आपल्यासारखी चुकणारी व सुधारणारी आहेत, की नुसती रंगविलेली चित्रे आहेत? जो आपल्या जातीचा, धर्माचा वा देशाचा नाही, त्याच्या मनात शिरण्याची वाट हे पुस्तक दाखविते, की त्याचा तिरस्कार करावयास शिकविते? आणि पुस्तक मिटल्यावर कोणाची तरी मोळी उचलून द्यावी असे आपल्याला वाटते काय? या तीन थापटण्यांतून जे पुस्तक पक्के ठरेल, ते खुशाल जवळ करावे.

परंतु नामदेवांची गोष्टही विसरू नये. परीक्षेत कच्चे ठरलेले नामदेव पुढे थोर संत झाले. तसेच आपले मनही आज कच्चे असेल. पण चांगल्या पुस्तकांच्या व चांगल्या कृतींच्या आचेवर ते हळूहळू भाजून निघते. पालगडच्या एका गरीब आईने आपल्या मुलाचे मन असेच घडविले आणि त्या मुलाने महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांची मने घडविली. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक मागावयास जाल, तेव्हा गुरुजींची आठवण ठेवा.

स्वाध्याय

१. गोरोबाकाकांनी संतांची परीक्षा कशी घेतली? ती गोष्ट या पाठाच्या आरंभी का दिली आहे?
२. छात्रालयातील मुलांना गुरुजींनी कशा प्रकारे वळण लावले?
३. ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ कोणत्या अनुभवात आहे?
४. गुरुजींच्या लेखनावर कोणता आक्षेप घेतला जाई? तो तुम्हांला पटतो काय? कारणे द्या.
५. तुम्ही वाचलेल्या एका पुस्तकाला पाठात दिलेले तीन प्रश्न लावून पाहा व आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.